स्वतःच्याच जाळ्यात मुद्दाम गोल: बार्बाडोसवाल्यांचं चुकलं का?

गोलपोस्टमागचा | बुधवार, रात्री १०:१२

आमच्या सोसायटीत (ठाणे, चार विंगा, त्यातल्या एकीची लिफ्ट कायम बंद) दर फेब्रुवारीत टर्फवर फुटबॉलचे सामने होतात. टर्फ तासाच्या हिशोबानं मिळतं, त्यामुळे एका सामन्याला वीस मिनिटं. गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त सामने बरोबरीत सुटले, गटात कोण पुढे गेलं यावरून दोन कुटुंबं होळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हती. म्हणून यंदा नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी लिहिलं: बरोबरी झाली तर पाच मिनिटं जादा. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकला, सामना तिथेच संपला. आणि तो गोल दोन गोल धरावा. दोन का? तर धाप लागलेली असताना मारलेल्या गोलाला काहीतरी जास्तीचं मिळायला नको का? खरं सांगतो, लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होतो.

भाच्यानं कागद वाचला आणि हसत सुटला. म्हणाला, "मामा, हे करून झालंय. कॅरिबियनमध्ये." आणि मला एक धूसर क्लिप दाखवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४चा कॅरिबियन कप. वेस्ट इंडीजकडच्या बेटांचे राष्ट्रीय संघ खेळायचे तो. त्याची पात्रता फेरी, २७ जानेवारी, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, सामना बार्बाडोसमध्येच. बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं, एकानं जिंकले तर ग्रेनाडा पुढे. बार्बाडोस २-० वर होतं. ८३व्या मिनिटाला ग्रेनाडानं एक गोल फेडला. २-१. आता? ८७व्या मिनिटाला बार्बाडोसचा बचावपटू सीली आणि गोलकीपर स्टाउट आपल्याच गोलसमोर एकमेकांना पास देत बसले, आणि सीलीनं शांतपणे चेंडू आपल्याच जाळ्यात मारला. २-२!

कारण नियम माझाच होता. बरोबरी झाली की जादा वेळ, जादा वेळेतला गोल सोन्याचा (मारला की सामना तिथेच संपला), आणि सोन्याच्या गोलाचे दोन.

माझा प्रश्न: ही लबाडी की हुशारी? आणि दोष कोणाचा, सीलीचा की माझ्यासारख्या कागद लिहिणाऱ्याचा?

रिकामटेकडा | रात्री १०:१९

मी पहिला! लिफ्ट कुठल्या विंगेची बंद आहे तेवढं सांगा, पुढची चर्चा नंतर.

अर्धाकप | रात्री १०:३१

लबाडीच. यात विचारायचं काय? तिकीट काढून आलेल्या माणसानं काय बघायचं, आपलाच माणूस आपल्याच गोलात मारतोय? उद्या गावसकरनी स्वतःच्या बॅटनं स्टंप उडवले असते तर चाललं असतं का?

बैठकमोड | रात्री १०:४४

धाग्यात पुढची तीन मिनिटं राहिली की! खरी मजा तिथे आहे. २-२ झाल्यावर ग्रेनाडाच्या लोकांना उशिरानं लक्षात आलं की आपल्याला आता कुठल्याही बाजूला गोल मारला तरी चालेल. समोर मारला तर ३-२ नं जिंकलो. आपल्या स्वतःच्या जाळ्यात मारला तर २-३ नं हरलो, पण एकाच गोलानं हरलो, म्हणजे पुढे गेलोच! तेव्हा शेवटची तीन मिनिटं बार्बाडोसचे निम्मे खेळाडू आपला गोल राखत होते आणि निम्मे ग्रेनाडाचा. एक संघ दोन्ही गोल वाचवतोय आणि दुसरा दोन्हीकडे मारायला धावतोय.

ग्रेनाडाचे प्रशिक्षक जेम्स क्लार्कसन नंतर भयंकर चिडले. आमच्या पोरांना कुठल्या दिशेला हल्ला करायचा तेच कळेना, आणि हा नियम ज्यानं काढला त्याची जागा वेड्यांच्या इस्पितळात आहे, अशा अर्थाचं बोलले.

गोलपोस्टमागचा | रात्री १०:५०

@बैठकमोड, शेवटचं वाक्य मला वैयक्तिक लागलं.

सातवीअ | रात्री ११:१५

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून राहवत नाही. दोन गोलांचा फरक आभाळातून पडलेला नव्हता, तो कुठून आला ते बघा.

गटात तीनच संघ. आधी पोर्टो रिकोनं बार्बाडोसला १-० हरवलं. मग ग्रेनाडा आणि पोर्टो रिको खेळले, तो सामना निर्धारित वेळेत गोलशून्य. जादा वेळेत ग्रेनाडानं गोल मारला, आणि तो सोन्याचा म्हणून निकाल लिहिला गेला २-०. म्हणजे शेवटच्या सामन्याआधी गोलफरक (मारलेले वजा खाल्लेले) असा: ग्रेनाडा अधिक दोन, बार्बाडोस उणे एक. बार्बाडोस एकानं जिंकलं तर ते शून्यावर येतात आणि ग्रेनाडा अधिक एकवर राहतं, ग्रेनाडा पुढे. दोननं जिंकलं तर बार्बाडोस अधिक एक, ग्रेनाडा शून्य.

आता गंमत बघा. ग्रेनाडाचा तो गोल नेहमीसारखा एकच धरला असता तर? मग शेवटचा सामना २-१ नं संपला असता तरी तिन्ही संघांचा एकेक विजय आणि तिघांचाही गोलफरक शून्य. मारलेल्या गोलांत बार्बाडोस आणि ग्रेनाडा दोन-दोन, आणि आपसात बार्बाडोस जिंकलेलं. सीलीला ते उद्योग करायची गरजच नव्हती. ज्या नियमानं बार्बाडोसला वाट दाखवली त्याच नियमानं दोन दिवस आधी खड्डा खणला होता. ग्रेनाडानं फुकटचा एक गोल घेतला होता, तो त्यांना महागात पडला. लबाडी असेल तर कागदाची आहे.

(हा हिशोब मी उद्या वर्गात घालणार आहे. गोलफरक म्हणून ऋण संख्या शिकवल्या की पोरं दोन मिनिटांत शिकतात. तापमान म्हणून शिकवल्या की जांभया.)

अर्धाकप | रात्री ११:२२

ताई, हिशोब मान्य. पण हिशोब बरोबर आला म्हणून कृती बरोबर ठरते का? इन्कम टॅक्सवाल्यांना सांगून बघा.

पंचनामा | गुरुवार, सकाळी ७:०५

मी जिल्हा पातळीवर पंचगिरी केली आहे (फुटबॉल नाही, कबड्डी, पण पंच तो पंच). पंचाच्या जागी उभे राहून विचार करा. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला, गोल. कोणी मारला, मनात काय होतं, हे शिट्टी वाजवणाऱ्यानं बघायचं नसतं. आपल्या जाळ्यात मारू नये असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, कारण असं कोणी करेल हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. फिफानंही बार्बाडोसवर काही कारवाई केली नाही. दोन गोलांची कल्पना मात्र नंतर गुंडाळली गेली. नुसता सोन्याचा गोल पुढे मोठ्या स्पर्धांत आला, १९९६ च्या युरोच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बिअरहॉफनं आणि २००० साली फ्रान्सच्या त्रेझेगेनं त्याच्यावरच कप नेला. २००४ नंतर तोही गेला.

आणि अर्धाकप, कबड्डीत आम्ही रोज बघतो. आघाडीवर असलेला संघ शेवटच्या मिनिटाला रेडर पाठवतो, तो नुसता बोनस रेषेकडे बघत तीस सेकंद काढून परत येतो. प्रेक्षक शिव्या घालतात. पण नियमात बसतंय.

दर्यातला_खारवा | गुरुवार, दुपारी ३:४०

या विषयावर बोलायला मिळेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. मी मूळचा रत्नागिरीकडचा, वीसेक वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली. त्यात कॅरिबियनच्या फेऱ्या बऱ्याच. बार्बाडोसचं ब्रिजटाउन आणि ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस दोन्ही पाहिली आहेत. दोन्ही बेटांत एका रात्रीचाही प्रवास नाही, पण स्वभाव अगदी वेगळे. बार्बाडोस सपाट, ऊसवालं, टापटिपीचं. ग्रेनाडा म्हणजे डोंगर उतरत थेट समुद्रात, आणि सेंट जॉर्जेस बंदर घोड्याच्या नालेसारखं आत वळलेलं, काठावर लाल कौलं. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मला जयगडची खाडी आठवली.

ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे, माहीत आहे का कोणाला? डावीकडच्या हिरव्या त्रिकोणात. जगात फार थोड्या झेंड्यांवर मसाल्याचा पदार्थ असेल. आमच्या वाडीत नारळाखाली जायफळाची झाडं होती, आजी पडलेली फळं गोळा करायची, वरची लाल जाळीदार जायपत्री सोलून सुपात वाळत घालायची. तिकडे एका शेडमध्ये बायका नेमकं तेच करत बसल्या होत्या, वासही तोच. मी तिथे पाच मिनिटं उभाच राहिलो. २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळानं ती झाडं आडवी केली. जायफळाचं झाड पुन्हा फळायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे पुढच्या फेरीला बेट ओळखू येत नव्हतं.

असो, मुद्द्यावर. बंदरातून गावात नेणाऱ्या टॅक्सीवाल्याशी मी क्रिकेटवर बोलायला गेलो, कारण आपल्याला त्या लोकांशी बोलायला तेवढंच येतं. तो म्हणाला, क्रिकेटमध्ये बार्बाडोसवाले आमचे भाऊ. फुटबॉलमध्ये नाहीत. मी कारण विचारलं तर स्टिअरिंग सोडून दोन्ही हात दोन दिशांना दाखवले: "त्या दिवशी आम्हाला कुठे पळायचं तेच माहीत नव्हतं." घाटातला रस्ता होता हो. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

रिकामटेकडा | दुपारी ३:५२

खारवाशेठ, टॅक्सी वाचली म्हणून धागा वाचला. एक वेगळा धागा काढा ना जायपत्रीवर.

बैठकमोड | दुपारी ४:१०

खारवा यांनी फार नेमकं बोट ठेवलं. आपल्याला "वेस्ट इंडीज" ही एकच टीम माहीत. सोबर्स बार्बाडोसचे, रिचर्ड्स अँटिगाचे, लारा त्रिनिदादचा, आणि ज्युनिअर मरे हा ग्रेनाडाचा पहिला कसोटीपटू, सगळे एकाच मरून टोपीखाली. फुटबॉलमध्ये मात्र प्रत्येक बेट आपापलं. ग्रेनाडाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम तालुक्याचं गाव. त्यातून अकरा जण निवडायचे, विमानाचे पैसे उभे करायचे. म्हणून पात्रता फेऱ्या अशा व्हायच्या: तीन-चार संघ एका बेटावर जमवायचे आणि आठवड्याभरात सगळं उरकायचं. १९९४ चा हा गट २३, २५ आणि २७ जानेवारी असा पाच दिवसांत आटोपला. घरोघरी जाऊन खेळायची चैन कोणाला परवडणार?

आणि त्यातही गंमत अशी की सगळी बेटं "देश" नाहीत. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप फ्रान्सचेच भाग. कॅरिबियन कप खेळायचे, पण विश्वचषकाच्या पात्रतेला जागा नाही, कारण फिफाचे सदस्य नाहीत. थुराम ग्वाडेलूपमध्ये जन्मलेला, ऑन्रीचे वडील ग्वाडेलूपचे आणि आई मार्टिनिकची. त्या दोघांनी फ्रान्सला विश्वचषक मिळवून दिला आणि बेट टीव्हीवर बघत राहिलं. तरी १९९३ चा कॅरिबियन कप मार्टिनिकनं मारला होता. १९९४ च्या अंतिम सामन्यात त्रिनिदादनं त्यांना ७-२ धुतलं ती गोष्ट वेगळी.

अर्धाकप | दुपारी ४:३०

आणि बार्बाडोसचं काय झालं पुढे? एवढा पराक्रम करून?

बैठकमोड | दुपारी ४:३३

जादा वेळेत थॉर्ननं गोल मारला, ४-२, पात्र ठरले. मुख्य स्पर्धेत गटातच गारद.

अर्धाकप | दुपारी ४:३४

देव आहे.

म्हापशेकार | गुरुवार, रात्री ९:०८

बाबांनो, तुम्ही २-२ वर एवढी चर्चा करताय. आमच्या गोव्यात या. २००४ मध्ये सेकंड डिव्हिजनचा शेवटचा दिवस. वर चढायला दोन क्लबांत चुरस, गोलफरकावर ठरणार. दोन्हीचे सामने वेगवेगळ्या मैदानांवर. संध्याकाळी निकाल आले: एक ५५-१, दुसरा ६१-१. क्रिकेटचा स्कोअर नव्हे, फुटबॉलचा! नव्वद मिनिटांत एकसष्ट म्हणजे दीड मिनिटाला एक. चेंडू जाळ्यातून काढून मध्यावर आणायला तरी वेळ लागतो की नाही? चारही क्लबांवर बंदी आली.

सांगायचा मुद्दा, त्याला आम्ही सेटिंग म्हणतो. समोरचा संघ सामील होता. बार्बाडोसच्या बाबतीत समोरचा संघ सामील नव्हता, उलट जिवाच्या आकांतानं अडवत होता. या दोन गोष्टी एका टोपलीत घालू नका. फुटबॉल आमच्या घरात चर्चच्या मैदानावरून येतो, माझ्या बापानं मला शिकवलं ते हेच: समोरच्याला फसव, बघणाऱ्याला फसवू नकोस.

सातवीअ | रात्री ९:२०

एकसष्टमधला तो "-१" कोणी मारला असेल? त्या माणसाला मला भेटायचंय.

म्हापशेकार | रात्री ९:२६

ताई, त्यालाच प्लेअर ऑफ द मॅच द्यायला हवं होतं.

क्रिककिडा | रात्री १०:०२

धागा फुटबॉलचा आहे, पण क्रिकेटचा उल्लेख होऊन गेलाच आहे तर ऐका. मे १९७९, इंग्लंडमधला बेन्सन अँड हेजेस कप. सॉमरसेटचा कप्तान ब्रायन रोझ. गट जवळपास जिंकलेला, फक्त मोठ्या फरकानं हरलो आणि बळी घेण्याचा वेग घसरला तरच धोका. त्यानं काय केलं? वूस्टरशायरविरुद्ध एक षटक खेळून १ बाद शून्य नव्हे, बिनबाद १ वर डाव घोषित केला! वूस्टरशायरनं दहा चेंडूंत सामना जिंकला, प्रेक्षक अजून थर्मास उघडत होते. सॉमरसेटचा बळींचा वेग शाबूत. नियमात सगळं बसत होतं, तरी मंडळानं त्यांना स्पर्धेतून हाकललं. त्या काळच्या सॉमरसेटकडे रिचर्ड्स, बोथम आणि गार्नर होते. गार्नर कुठला? बार्बाडोसचा. मी फक्त निदर्शनास आणून देतोय.

पंचनामा | रात्री १०:२५

क्रिककिडा, हे उदाहरण उलटंच आहे. रोझनं सामना हरण्यासाठी खेळला. बार्बाडोसला तो सामना जिंकायचाच होता आणि ते जिंकलेही, ४-२. मधला एक गोल त्यांनी गुंतवला म्हणा, व्याजासकट वसूल केला. हरण्यासाठी खेळणं आणि जिंकण्यासाठी एक पाऊल मागे घेणं यात मला फरक दिसतो. बुद्धिबळात वजीर देतातच की.

क्रिककिडा | रात्री १०:३१

वजीर समोरच्याला देतात. स्वतःच्या राजाच्या डोक्यात घालत नाहीत.

बैठकमोड | रात्री १०:४०

हरण्यासाठी खेळण्याचं फुटबॉलमधलं नमुनेदार उदाहरण म्हणजे १९९८ चा टायगर कप, आग्नेय आशिया. ३१ ऑगस्ट, हो ची मिन्ह सिटी. थायलंड आणि इंडोनेशिया दोघंही उपांत्य फेरीत आधीच पोचलेले. जो जिंकेल त्याला यजमान व्हिएतनामशी हनोईत खेळावं लागणार, हरणाऱ्याला सिंगापूर. तेव्हा कोणालाच जिंकायचं नव्हतं. २-२ असताना शेवटच्या क्षणांत इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंदीनं चेंडू आपल्याच जाळ्यात मारला, आणि ऐका, थायलंडचे खेळाडू त्याला अडवायला धावत होते! दोन्ही संघांना चाळीस-चाळीस हजार डॉलर दंड, एफेंदीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉलची आजन्म बंदी. आणि एवढं करून दोघंही उपांत्य फेरीत हरले. इंडोनेशिया तर ज्याला सोपं समजले त्या सिंगापूरकडूनच. कपही सिंगापूरनंच नेला.

कृती तीच, चेंडू आपल्याच जाळ्यात. एकाला काहीच नाही, दुसऱ्याला आजन्म बंदी. म्हणजे बघणाऱ्यांनी पंचनामा म्हणतात तोच फरक केला.

कोर्टपलीकडे | शुक्रवार, सकाळी ८:१५

बॅडमिंटनवाल्यांचीही हजेरी लावते. २०१२ लंडन ऑलिंपिक. महिला दुहेरीत चार जोड्या सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये मारत होत्या, पुढच्या फेरीत सोपी जोडी मिळावी म्हणून. चीनची एक, कोरियाच्या दोन, इंडोनेशियाची एक. आठही जणींना बाहेर काढलं. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला आणि अश्विनी गुणांच्या बारीक फरकानं बाद झाल्या. जपानची जोडी तैवानकडून हरली ती मनापासून खेळली नाही अशी भारताची तक्रार होती, ती फेटाळली गेली. मी तेव्हा टीव्हीसमोर रडले होते. म्हणून मला ग्रेनाडाचं दुःख जवळचं वाटतं. बार्बाडोस हुशार असेल, पण ग्रेनाडानं नेमकं काय चुकीचं केलं? त्यांनी ८३व्या मिनिटाला गोल मारला, म्हणजे जे करायला मैदानात उतरलो तेच केलं, आणि तेवढ्यानं ते हरले.

दर्यातला_खारवा | सकाळी ११:३०

कोर्टपलीकडे, +१. टॅक्सीवाल्याचं अर्धवट राहिलेलं वाक्य तुम्ही पूर्ण केलंत.

त्या बेटाचं म्हणून सांगतो, रडत बसले नाहीत. २००८ मध्ये ग्रेनाडा कॅरिबियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलं, जमैकानं हरवलं, पण त्या जोरावर २००९ चा गोल्ड कप खेळले. आणि २०१२ ला किरानी जेम्सनं ४०० मीटरमध्ये सुवर्ण आणलं, बेटाचं पहिलं ऑलिंपिक पदक. धावायला एकच दिशा असली की ग्रेनाडावाले काय करतात ते जगानं पाहिलं.

रिकामटेकडा | सकाळी ११:३६

शेवटचं वाक्य चोरून ठेवतोय. टॅक्सीच्या मागे लिहीन.

पुण्याचा_पॅसिफिक | शुक्रवार, दुपारी १:५०

बेटांच्या पात्रता फेऱ्या म्हटलं की मला पलीकडचा महासागर आठवतो. ११ एप्रिल २००१, विश्वचषक पात्रता, ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. आर्ची थॉम्पसननं एकट्यानं तेरा मारले. सामोआवाल्यांचा घोळ पासपोर्टचा झाला होता, ठरलेल्या संघातला जवळपास कोणीच पात्र ठरेना, म्हणून पंधरा-पंधरा वर्षांची पोरं उतरवली. गोलकीपर निकी सालापू तेवढा मूळचा. एकतीस खाल्ले त्यानं. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, त्याच सालापूनं गोल राखला आणि अमेरिकन सामोआनं टोंगाला २-१ हरवलं. त्यांचा फिफाच्या सामन्यातला पहिला विजय.

आणि ताहिती! २०१२ मध्ये ओशनियाचा कप जिंकून कॉन्फेडरेशन्स कपला ब्राझीलमध्ये गेले. स्पेनकडून १०-०, उरुग्वेकडून ८-०, नायजेरियाकडून ६-१. त्या एका गोलावर अख्खं स्टेडियम नाचलं. अशा संघांना गोलफरकाचे नियम लावायचे म्हणजे मुंगीला किलोच्या काट्यावर ठेवण्यासारखं.

अर्धाकप | दुपारी २:०५

माझं मत थोडं हललंय, बदललेलं नाही. खेळाडूंना माफ. पण तो नियम ज्या बैठकीत पास झाला तिथे कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटं बसायला नको होतं का? सातवीअ ताईंनी जे रात्री सव्वाअकराला केलं ते?

सातवीअ | दुपारी २:२०

बैठकीत चहा येतो, तेव्हा कागदावर कप ठेवतात.

पंचनामा | दुपारी २:४१

अर्धाकप, नियम करणाऱ्याला वाटतं सगळे मला जे हवंय तेच करतील. "गोल दुप्पट केला की पोरं जोरात हल्ला करतील." खेळणारा वाचतो तेव्हा फक्त एवढंच बघतो की मला कशाचे किती मिळतात. कबड्डीत डू-ऑर-डाय रेड त्यामुळेच आणावी लागली, नाहीतर लोक रिकाम्या रेड मारून सामने झोपवायचे.

बैठकमोड | दुपारी ३:१५

कॅरिबियन कप स्वतःच आता नाही, २०१७ चा शेवटचा, तो क्युरासावनं जमैकाला २-१ हरवून मारला. पुढे ती जागा नेशन्स लीगनं घेतली. आणि त्याच क्युरासावनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैकात ०-० काढून २०२६ च्या विश्वचषकाचं तिकीट मिळवलं. दीड लाख लोकवस्तीचं बेट! विश्वचषकाला गेलेला आजवरचा सगळ्यात छोटा देश. आणि कशावर गेले? बरोबरीवर. बरोबरी निषिद्ध असती तर?

गोलपोस्टमागचा, तुमच्या नियमावलीचं काय झालं? धागा काढून पळालात का?

गोलपोस्टमागचा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:५५

पळालो नव्हतो, स्पर्धा आज संपली. सगळं सांगतो.

दुप्पट सोन्याचा गोल मी काढून टाकला. सातवीअ यांचा प्रतिसाद प्रिंट काढून कमिटीत वाचला, टाळ्या मिळाल्या. बरोबरी म्हणजे बरोबरी, एकेक गुण, विषय संपला. मी निश्चिंत.

पण कमिटीतल्या एका काकूंनी सुचवलं की मुलांना कोणी चेंडूच देत नाही, नुसती उभी असतात. तर प्रत्येक संघात बारा वर्षांखालचं एक मूल सक्तीचं, आणि त्यानं मारलेला गोल दोन धरायचा. मी हात वर केला. हो, मीच. बाळगोपाळांसाठी आहे, यात कोण काय लबाडी करणार, असं वाटलं.

पहिल्याच सामन्यात बी विंगच्या चार बापांनी दहा वर्षांच्या पोराला समोरच्या गोलच्या खांबापाशी नेऊन उभं केलं आणि हलू नकोस म्हणून सांगितलं. बाकी चौघं चेंडू त्याच्या पायाशी सरकवत होते. त्यानं फक्त पाय लावायचा. ८-१. दुपारपर्यंत सगळ्या विंगांनी तेच सुरू केलं. दोन्ही गोलांपाशी एकेक कंटाळलेलं पोर आणि मधे आठ घामाघूम बाप. एक मुलगी तर मधेच गोलखांबाला टेकून बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसली होती, तिच्या पायाला चेंडू लागून गेला तो गोल. दोन!

तेही निभावलं. अंतिम सामना, ए विंग विरुद्ध डी विंग, ४-४, शेवटचं मिनिट. डी विंगचा कार्टा उभं राहून कंटाळला आणि पहिल्यांदाच पळत मागे आला, बापाच्या मदतीला. चेंडू अडवायला जोरात पाय घातला आणि सणसणीत आपल्याच जाळ्यात. नऊ वर्षांचा आहे. आनंदानं शर्ट काढून मैदानभर पळाला, त्याला कळलंच नाही कुठे मारला ते.

आता ए विंगचं म्हणणं, गोल मुलानं मारला, नियमात "बारा वर्षांखालच्या खेळाडूनं मारलेला गोल" एवढंच लिहिलंय, कुठल्या जाळ्यात ते लिहिलेलं नाही, म्हणून ६-४. डी विंगचं म्हणणं, गोल ए विंगला मिळाला आणि ए विंगच्या मुलानं तो मारलेला नाही, म्हणून ५-४. तसे दोन्हीत ए विंगच जिंकते, पण सर्वाधिक गोलांची ट्रॉफी वेगळी आहे आणि ती त्या एका गोलावर अडली आहे.

पंचनामा | सोमवार, सकाळी ६:४८

नियमाचा मूळ मजकूर टाका. शब्द न् शब्द.

सातवीअ | सकाळी ७:१०

आणि प्रत्येक विंगेचे एकूण गोल. सामन्यागणिक.

अर्धाकप | सकाळी ७:३२

मुलगा अजून खूश आहे ना? त्याला कोणी काही सांगितलं नाही ना?

गोलपोस्टमागचा | सकाळी ९:०५

सांगितलं नाही. तो बिल्डिंगखाली येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय कसा घातला ते करून दाखवतोय. मीटिंग मंगळवारी साडेआठला, गच्चीवर. ज्या विंगेची लिफ्ट बंद आहे तिच्याच.